साडेसहाला वाजणारा फोन

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींची घरी फोन लावायची ठरलेली वेळ म्हणजे दुपारचा एक. हातात डबा, तासाभराची सुट्टी, आणि आई किंवा धाकटा भाऊ तिकडे फोन उचलणारच याची खात्री. उन्हाळ्यात भारत इथून साडेचार तास पुढे असतो, म्हणजे तिकडे साडेपाच, स्वच्छ उजेड. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे सरकतात आणि तोच एकचा फोन बेळगावात साडेसहाला वाजू लागतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळलेला असतो. उद्यमबाग आणि मच्छेतले कारखाने सुटून माणसं खानापूर रोडने घराकडे निघालेली असतात, म्हणजे फोन वाजतो तो गाडी चालवतानाच. त्यातच गळीत हंगाम. उसाने शिगोशिग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर, आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर.

आता हिशेब करा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल सेकंदाला ११ मीटर सरकते. कोणाचा फोन आहे हे बघायला तीन सेकंद मान खाली गेली की ३३ मीटर रस्ता न बघता गेला. डिपरवर असलेल्या हेडलाइटच्या उजेडात काळी ट्रॉली दिसते तीही साधारण तेवढ्याच अंतरावरून. मान वर येईपर्यंत ऊस डोळ्यासमोर.

दुचाकीवर तर फोन नेमक्या चुकीच्या हातात जातो. उजव्या हातात अ‍ॅक्सिलरेटर, त्यामुळे फोन डाव्या हातात. मोटारसायकलचा क्लच डाव्या हाताला. तो सुटला की अचानक वेग कमी करताना गाडी धक्के खाते नाहीतर बंद पडते. गिअर नसलेल्या स्कूटरची गत याहून वाईट. १२५ सीसीपर्यंतच्या ज्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, त्यांना २०१९ पासून कॉम्बी ब्रेक सक्तीचा आहे, म्हणजे डावा लिव्हर दाबला की मागचं आणि पुढचं, दोन्ही चाकं धरली जातात. डावा हात फोनमध्ये अडकला की हा लिव्हर गेला, उरला फक्त उजव्या हाताचा पुढचा ब्रेक. खडी, ट्रॉलीतून सांडलेला ऊस किंवा पावसाळ्यातला चिखल यांवर तो एकटा जोरात दाबला की पुढचं चाक घसरतं आणि माणूस गाडीच्या आधी जमिनीवर. फोन हेल्मेटमध्ये खुपसणाऱ्यांना हात मोकळे राहिल्यासारखे वाटतात. पण त्यासाठी पट्टा सैल करावा लागतो, आणि सैल पट्ट्याचं हेल्मेट पडताना डोक्यावर राहत नाही. शिवाय एका कानाला मागचा हॉर्न ऐकू येत नाही तो वेगळाच.

मग ब्लूटूथ लावलं की झालं? इथेच बहुतेकांची समजूत चुकते. टोरांटोमधल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासून १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फोनवर बोलताना टक्कर होण्याचा धोका चौपट निघाला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनचा त्यात काही फायदा दिसला नाही. कारण साधं आहे. गाडीत शेजारी बसलेला माणूस समोर बैलगाडी आडवी आली की आपोआप गप्प बसतो. सात हजार किलोमीटरवरून बोलणाऱ्याला बैलगाडी दिसत नाही. तो विचारत राहतो, ‘मग त्या जागेच्या उताऱ्याचं काय झालं?’ आणि चालवणारा रस्ता सोडून तलाठ्याच्या चावडीत पोहोचलेला असतो. डोळे उघडे असतात, नजर समोर असते, पण दिसलेलं डोक्यात उतरत नाही. अमेरिकेत २०१५ साली गाडीतल्या आवाजी आज्ञांची चाचणी झाली. त्यात बोलणं संपल्यावरही मन रस्त्यावर पूर्ण परतायला काही वेळा २७ सेकंद लागले. ताशी ४० च्या वेगाने तेवढ्यात ३०० मीटर जातात.

ब्रिटनमध्ये हातात फोन धरून गाडी चालवण्यावर बंदी १ डिसेंबर २००३ पासून आहे. तेव्हा दंड अवघा ३० पौंड होता. २०१७ पासून २०० पौंड आणि लायसन्सवर ६ दंडाचे गुण (पेनल्टी पॉइंट). तरी एक पळवाट उरली होती: कायद्यात शब्द ‘संपर्कासाठी वापर’ असा होता. रस्त्यावरच्या अपघाताचं फोनवर शूटिंग करणारा एक चालक २०१९ मध्ये हायकोर्टातून सुटला, कारण शूटिंग म्हणजे संपर्क नव्हे. २५ मार्च २०२२ पासून ती वाट बंद झाली. फोटो काढणं, गाणं बदलणं, नुसतं किती वाजले बघायला फोन हातात घेऊन स्क्रीन उजळवणं, सगळं गुन्ह्यात धरलं जातं. सिग्नलला उभं असतानाही. सूट मोजकी: थांबणं धोक्याचं असेल तेव्हा आपत्कालीन ९९९ किंवा ११२ ला फोन, आणि उभ्या गाडीतून खिडकीवर फोनने पैसे देणं.

बेळगावहून इथे येणाऱ्या मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतीय लायसन्सवर पहिले १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर इथली परीक्षा पास झालात की पहिली दोन वर्षं तुम्ही ‘नवे चालक’, मग गावाकडे वीस वर्षं चोर्ला घाट उतरला असलात तरी. या दोन वर्षांत ६ गुण झाले की लायसन्स रद्द, आणि फोन एकदाच हातात दिसला तरी ६ गुण होतात. पुन्हा शिकाऊ परवाना, पुन्हा लेखी, पुन्हा प्रत्यक्ष परीक्षा. नोंद चार वर्षं लायसन्सवर राहते आणि विम्याचा हप्ता वाढतो. माणसं दंडापेक्षा त्या हप्त्यालाच जास्त भितात, असं आमचं मत.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातातला फोन ‘धोकादायक वाहन चालवणे’ या गुन्ह्यात आला. पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर १०,००० रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जागेवर भरायची तडजोडीची रक्कम प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं, त्यामुळे कोगनोळीला कर्नाटक-महाराष्ट्र हद्द ओलांडली की गुन्हा तोच, पावतीचा आकडा वेगळा. केंद्रीय नियमांप्रमाणे या कारणावरून लायसन्सही निलंबित होऊ शकतं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना ते किमान तीन महिन्यांसाठी करायला सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२० पासून फोन फक्त रस्ता बघायला वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे पत्ता गाडी सुरू करण्याआधी टाकायचा, फोन स्टँडमध्ये, काचेतून दिसणारा रस्ता झाकणार नाही इतका खाली. चालवताना पत्ता बदलायचा झाला तर गाडी कडेला. तीही फ्लायओव्हरवर किंवा वळणावर नव्हे, सर्व्हिस रोडला किंवा पंपावर.

फोनमध्येही सोय आहे. आयफोनमध्ये ‘ड्रायव्हिंग’ फोकस आणि बऱ्याच अँड्रॉइडमध्ये तसाच मोड गाडीचं ब्लूटूथ जोडलं की आपोआप सुरू होईल असा लावता येतो. मग मेसेज आणि सूचना वाजत नाहीत, पण आयफोनवर गाडीचं ब्लूटूथ जोडलेलं असेल तर येणारे फोन चालूच राहतात. फोन अडवायचे म्हटलं तरी एक सेटिंग बघून घ्या: सलग दुसऱ्यांदा आलेला फोन पुढे जाऊ द्यायचा पर्याय चालू असेल तर, उचलला नाही म्हणून लगेच पुन्हा लावणारा आपला माणूस तो सगळा बंदोबस्त मोडतो.

आणि हा लगेच पुन्हा लावणारा बहुतेक वेळा परदेशातलाच असतो. ‘गाडीवर आहे, बोल की’ असं उत्तर आलं, किंवा मागे वारा आणि हॉर्न ऐकू आला, की ‘घरी पोहोचलास की मिस्ड कॉल दे’ एवढंच म्हणून ठेवून द्यावं. उताऱ्याचं काय झालं ते उद्या कळलं तरी चालतं. हिवाळ्यात तर वेळच बदलावी. इथे सकाळी साडेसातला, कामावर निघायच्या आधी, लावा. तिकडे तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो, गाडी स्टँडवर आणि भाकरीचा डबा उघडलेला.