हे मोडलं तर काय

काल रात्री अडीचला अंडरक्विल्टची, म्हणजे हॅमॉकच्या खाली टांगायच्या रजईची, इलॅस्टिक दोरी तुटली. म्हणजे झालं काहीच नाही, परसातच दोन झाडांना हॅमॉक बांधून झोपलो होतो, पाठीखालून एकदम गारठा शिरला, उठलो, किचनच्या दारातून आत आलो, चहा टाकला. बाहेर उणे १९. हॅमॉकमध्ये पाठीखालची स्लीपिंग बॅग अंगाच्या वजनाने चेपते, उबेला शून्य उपयोग, सगळी भिस्त खाली टांगलेल्या क्विल्टवर आणि क्विल्टची भिस्त त्या ३ मिलिमीटरच्या दोरीवर, हे काय मला माहीत नाही का!

पण तुटली तेव्हा अर्धवट झोपेत मी हाक मारली, "दादा, दोरी दे रे." ते काही डोक्यातून जाईना.

सकाळी वही काढली. बाउंडरी वॉटर्सला, मिनेसोटातल्या त्या तळ्यांच्या जंगलात, जायच्या आधी मी दर वर्षी यादी करतो, डावीकडे वस्तू, उजवीकडे ती मोडली तर काय. फार मिरवतो मी त्या यादीवरून. स्टोव्ह: थंडीत कॅनिस्टरमधल्या ब्यूटेनचा गॅसच होत नाही, तर दादाचा व्हाइट गॅसवाला, म्हणजे पातळ इंधनाचा. हेडलॅम्प: दादाकडे लिथियमचे सेल. पाण्याचा फिल्टर गोठला: उकळायचं, दादाच्या पातेल्यात. दोरी: दादा. सतरा ओळी, नऊ ठिकाणी दादा, एके ठिकाणी तर कंटाळून नुसतं 'दा'.

आणि या वेळी तो नाहीये. का ते जाऊ दे.

बराच वेळ स्वतःची कीव करत बसलो, की आपल्याला कधी कुणी काही शिकवलंच नाही वगैरे. मग आठवलं, त्याच्या पाठीवरच्या त्या फोमच्या वळकटीला मी किती हसायचो, माझी बॅग बघ कशी हलकी म्हणून. हलकी असणारच ना गाढवा, निम्मं सामान त्याच्या पाठीवर.

तर आता फोम मॅट आणलीये, काड्यापेट्या दोन वेगळ्या खिशात, स्टोव्हच्या पंपाचे जादा वॉशर. बॅग चांगलीच जड झाली, उचलताना तोंडातून दादासारखाच 'आई गं' निघतो. दोरीची ओळ तेवढी राहिली होती म्हणून शेवटी त्यालाच फोन केला, तुझी ती दोरी किती मिलिमीटरची असायची रे? तो म्हणाला, कुठली दोरी? मी तुला बुटाच्या नाड्या देत होतो.