रेस दिली की पेटणारा लाल दिवा

गाडी 1950 च्या दशकातली. रंग असा की बॉनेटमध्ये तोंड दिसावं. मालकांनी वडिलांची ही गाडी दोन वर्षं खपून पुन्हा उभी केली होती, पण दोन दिवस चालवली की तिसऱ्या दिवशी स्टार्टर नुसता कण्हायचा. बॅटरी दुसऱ्यांदा बदललेली, चार्जिंगचे व्होल्ट आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटरही नवा. "बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो गेलाय, त्याजागी आजच्या गाड्यांसारखा अल्टरनेटर बसवून टाका," असं त्यांना सांगितलं गेलं होतं. त्यांचं मन तयार होईना, आणि मला ते पटलं. मूळ डायनॅमो असा सहज काढून टाकायचा नसतो.

बॅटरी 12.2 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे जेमतेम अर्धी. डायनॅमो फिरवणारा पट्टा ताठ होता. गाडी चालू केली आणि चार्जिंगच्या लाल दिव्याकडे बघत बसलो. स्लोवर, म्हणजे रेस न देता, दिवा पेटलेला. थोडी रेस दिली, मंदावला, विझला. आणखी रेस दिली तर पुन्हा पेटला, आणि इंजिन वर जाईल तसा लख्ख होत गेला.

हा दिवा एका बाजूने बॅटरीला, दुसऱ्या बाजूने डायनॅमोला जोडलेला असतो. दोन्हीकडचे व्होल्ट सारखे झाले की विझतो. डायनॅमो मेला असता तर विझलाच नसता. विझून पुन्हा पेटतोय म्हणजे डायनॅमो बॅटरीच्याही वर गेलाय आणि मधला कटआउट, म्हणजे डायनॅमोला बॅटरीशी जोडणारा रेग्युलेटरमधला स्विच, ओढलाच जात नाहीये.

तरी खात्री हवी. इंजिन बंद करून डायनॅमोच्या डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) वायरी काढल्या, दोन्ही टर्मिनल तारेने जोडले, मीटर डी आणि बॉडीमध्ये लावला आणि हळूहळू रेस दिली. काटा सरळ 20 व्होल्टपर्यंत चढला. तिथेच थांबलो, यापुढे नेला तर वाइंडिंग जळायची भीती. डायनॅमो ठणठणीत होता.

वायरी परत लावून मीटरची एक पिन रेग्युलेटरच्या बुडाच्या पत्र्यावर ठेवली, दुसरी बॅटरीच्या अर्थ पोलवर, म्हणजे बॉडीला जोडलेल्या टोकावर. चालू इंजिनावर इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. 9 व्होल्ट दिसले. रेग्युलेटरला अर्थच नव्हता, म्हणजे बॉडीशी जोडच नव्हता, आणि त्याशिवाय कटआउटची कॉइल ओढणार कशी?

स्क्रू काढले. खाली काचेसारखा रंगाचा थर, भोकांच्या आतपर्यंत उतरलेला. रंगाऱ्याने जीव ओतून काम केलं होतं, पण या गाड्यांत पत्रा हीच अर्धी वायरिंग असते आणि रंगातून करंट जात नाही. रिस्टोअर केलेल्या गाडीत मी म्हणूनच पार्ट बदलण्याआधी अर्थ बघतो.

"खरवडावं लागेल," म्हणालो. मालकांनी क्षणभर मान फिरवली, मग म्हणाले, "करा." रेग्युलेटरच्या बुडाआड लपेल एवढीच जागा उजळ केली, पत्र्यात रुतणारे दातेरी स्टार वॉशर घातले आणि रेग्युलेटरपासून बॅटरीच्या अर्थपर्यंत वेगळी वायरही ओढली.

पुन्हा चालू केली. जरा रेस देताच दिवा विझला तो विझलाच. बॅटरीवरचा आकडा 13 च्या वर सरकला. स्लोवर दिवा मिणमिणेल, डायनॅमोच्या गाडीत ते चालतं, हे मालकांना सांगून ठेवलं. ते नुसते त्या विझलेल्या दिव्याकडे बघत होते.

निघताना त्यांनी इंडिकेटर दिला, तर मागचा अख्खा दिवा लुकलुकला, ब्रेकलाइटसकट. तिथेही नवा रंग. मी सँडपेपर पुन्हा हातात घेतला.