तरुणपणी गेलेल्या पणजोबांचा माग : फेरफार ते कोतवाल बुक

माझे पणजोबा ऐन तारुण्यात गेले. फोटो नाही, शाळेचा दाखला नाही, जमीनही कधी त्यांच्या नावावर आली नाही. असा माणूस त्याच्या स्वतःच्या नावाने सापडत नाही. मागे राहिलेल्यांच्या नोंदींतून शोधावा लागतो.

सुरुवात जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यापासून केली. त्यावर कमी झालेल्या नावांना कंस असतो आणि जवळच वर्तुळात फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक. ते सगळे टिपून तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज दिला. अनेक जिल्ह्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात, त्यामुळे आधी तिथे पाहावं.

खापरपणजोबांच्या वारस फेरफारात पणजोबांच्या जागी माझ्या आजोबांचं नाव निघालं, पुढे 'अज्ञान, अ.पा.क. आई', म्हणजे वारस अल्पवयीन आणि अज्ञान पालन कर्ता त्याची आई. पणजोबा त्याआधीच वारले होते, हे या एका ओळीने सिद्ध झालं. आता आजोबांच्या जन्माआधीचे काही महिने ते या फेरफाराची तारीख, एवढाच काळ तपासायचा उरला. आजोबांची शाळेतली जन्मतारीख मात्र धरली नाही. गुरुजींनी सोयीने लिहिलेली 1 जून सगळीकडे भेटते.

थोरल्या भावाचं नाव 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून लागलेलं असेल, तर धाकट्याच्या मृत्यूचा फेरफार बहुधा होतच नाही. तिथे पुढच्या वाटणीचा फेरफार काढावा, पुतण्या त्यात येतो.

मग कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची नोंदवही. खरं काम इथे. लिपी मोडी, शब्द एकमेकांना चिकटलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आडनावही बरेचदा नाही. 'रामा वलद कृष्णा' (कृष्णाचा मुलगा रामा) एवढंच. एकाच गावात असे दोन रामा सहज निघतात, म्हणून बापाचं नाव, जात आणि वय तिन्ही जुळवावीत. वय अंदाजाने लिहिलेलं असतं, दोन-चार वर्षांचा फरक सोडून द्यावा. कारणाच्या रकान्यात बहुतेकदा नुसतं 'ताप' असतं. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतले मृत्यूही असेच लिहिले गेले. ती साथ ओळखायची तर त्याच महिन्यातल्या आसपासच्या नोंदी वाचाव्यात, एका घरातले दोघं-तिघं ओळीने दिसतात. ते वाचताना जीव कासावीस होतो.

मराठवाड्यात निजामकाळातले कागद उर्दूत आणि फसली सनात (जुनी महसुली कालगणना) असतात; 590 मिळवले की साधारण इसवी सन येतो.

पानांचे कडेने तुकडे पडतात, म्हणून वही स्वतः उलटू नये, कर्मचाऱ्याला उलटू द्यावी. नोंद सापडली की पान क्रमांकासह प्रमाणित नक्कल मागावी आणि मोडी जाणकाराकडून त्याच्या सहीनिशी लिप्यंतर करून घ्यावं.