गरोदरपणातली शुगरची गोळी

आज ओपीडीत पुन्हा तेच: दिवस राहिले म्हणून शुगरच्या गोळ्या परस्पर बंद. बाळाचे हृदय, मणका पहिल्या आठ आठवड्यांत घडतात आणि नेमकी तेव्हाची वाढलेली साखर त्यांना घातक. म्हणून गोळी बंद करण्याआधी फोन करा, तोवर साखर मोजत राहा.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन वारेतून बाळापर्यंत पोचते, पण त्याने व्यंग वाढल्याचे दिसलेले नाही. डॉक्टर अनेकदा ती चालू ठेवतात. ग्लिबेनक्लामाइडने जन्मानंतर बाळाची साखर उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, सेमाग्लुटाइड मात्र नकोत. सेमाग्लुटाइड तर दिवस राहण्याच्या दोन महिने आधीच थांबवायचे. बीपीची रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनही बदलून घ्या. (ही यादी कुणी विचारतच नाही!)

इन्शुलिन वार जवळपास ओलांडतच नाही, म्हणून भरवशाचे. घोळ होतो तो सिरिंजमध्ये. ४० युनिटच्या (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले तर पोटात जातात फक्त ८ युनिट. उलट केले तर डोस अडीचपट, आणि ते जास्त धोक्याचे.

साखर उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत हवी. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून डोस वाढतो, तो वारेच्या हार्मोन्समुळे. आजार बळावला म्हणून नव्हे. बाळंतपण झाले की गरज एकदम घसरते, तेव्हा जुना डोस त्याच दिवशी कमी करून घ्यावा.