कैफियतीतला अकरावा परिच्छेद

मी व्यवसायाने वकील असून चाळीस तासांचे प्रशिक्षण घेतल्यापासून जिल्हा न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात मध्यस्थ म्हणूनही बसते. इथे लिहिते आहे ते दोन्ही पक्षकारांच्या परवानगीने आणि त्यांची ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. दावा हिशेबाचा होता. दोघांनी भागीदारीत बावीस वर्षे छापखाना चालवला, मग बिनसले, आणि कोणाचे कोणाकडे किती निघते यावर सात वर्षे तारखा पडत होत्या.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ प्रमाणे न्यायालय असा दावा मध्यस्थीकडे पाठवू शकते. लवादाकडे पाठवायचे तर दोन्ही बाजूंची संमती लागते, मध्यस्थीकडे पाठवायला ती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अ‍ॅफकॉन्स प्रकरणात स्पष्ट केले आणि भागीदारांमधले वाद मध्यस्थीला योग्य असल्याचेही त्याच निकालात नमूद केले. त्यामुळे पक्षकार पुष्कळदा मनाविरुद्धच येऊन बसतात. "कोर्टानं पाठवलं म्हणून आलोय," हे वादीचे पहिले वाक्य होते, आणि प्रतिवादीने मान हलवली तेवढ्यापुरतेच दोघांचे एकमत झाले.

संयुक्त बैठकीचा पहिला तास मी आकड्यांत घालवला, ही माझी चूक. यंत्रांची किंमत, येणी, देणी असे एकेक करत आम्ही होतो तिथेच राहिलो. मग मी खाजगी बैठका घ्यायचे ठरवले आणि आधी वादीला आत बोलावले. त्यांनी फाइल उघडली ती हिशेबाच्या पानावर नव्हे, तर प्रतिवादीच्या लेखी कैफियतीवर, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरावर. पानाचा कोपरा हाताळून मऊ झाला होता. अकराव्या परिच्छेदाखाली आधी पेन्सिलीने आणि नंतर पेनाने रेघ मारलेली होती. "वादीने भागीदारीच्या रकमेची अफरातफर करून प्रतिवादीचा विश्वासघात केला."

"बावीस वर्षं गल्ल्याची किल्ली माझ्याकडे होती, मॅडम," ते म्हणाले. "त्यानं एकदाही विचारलं नाही, आणि आता हे लिहितो? हे खोडलं तर रकमेचं मी बघेन. पण मी असं म्हणालो, हे त्याला कळता कामा नये."

खाजगी बैठकीत सांगितलेले त्या पक्षकाराच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कानावर घालता येत नाही. वादाची गाठ कुठे बसली आहे हे मला आता ठाऊक होते आणि नेमके तेच बोलायची सोय नव्हती. प्रतिवादी आत आल्यावर मी त्यांना दाव्याची प्रत आणि त्यांची स्वतःची कैफियत, दोन्ही पहिल्यापासून वाचायला सांगितले. असे मी कोणत्याही पक्षकाराला सांगू शकते, अशी मी मनाची समजूत घातली, तरी मी मर्यादेच्या किती जवळ उभी आहे ते मला कळत होते.

ते सावकाश वाचत होते. अकराव्या परिच्छेदावर त्यांचे बोट थांबले. "हे मी सांगितलं नव्हतं," ते वकिलांकडे वळून म्हणाले. वकिलांनी, काहीसे अवघडून, उत्तर दिले की दाव्यात हिशेब दडवल्याचा आरोप होता, त्याला जबाब देणे भाग होते. ते अर्धे खरे होते. दाव्यातले विधान स्पष्टपणे नाकारले नाही तर ते मान्य धरले जाऊ शकते, म्हणून नकार हवाच. उलट आरोप मात्र कायदा मागत नाही, ती आम्हा वकिलांची सवय आहे. अशी वाक्ये मीही लिहिली आहेत.

"हे काढता येतं का?" हा प्रश्न प्रतिवादीनेच विचारला, आणि तो समोरासमोर विचारायलाही ते तयार झाले. पुन्हा एकत्र बसल्यावर ते म्हणाले, "अण्णा, ते अकरा नंबरचं माझं नाही." वादी बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "खाली सही तुझीच आहे." आणि थोड्या वेळाने, "माझ्या दाव्यातही तुझ्याबद्दल बरंच काही आहे. वाचलं असशीलच."

त्यानंतरही आकड्यांना अडीच तास लागले आणि यंत्रांच्या किमतीवरून बोलणी दोनदा तुटता तुटता वाचली. करारातले पहिले कलम परस्परांवरील आरोप मागे घेण्याचे झाले, रक्कम आणि तिचे तीन हप्ते दुसऱ्या कलमात गेले. तडजोड पुरसीस, म्हणजे तडजोडीचे लेखी निवेदन, न्यायालयात दाखल झाली आणि तिच्यावरून हुकूमनामा झाला. तडजोड झाली नसती, तर मला न्यायालयाला एवढेच कळवता आले असते की मध्यस्थी असफल झाली; कोण अडून बसले, कोण काय बोलले, यातले अक्षरही लिहायचे नाही, असे मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या २०१० च्या निकालाने बजावले आहे.

त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी दाखल करायची माझ्या अशिलाची एक कैफियत मी पुन्हा वाचायला घेतली. "कपटाने" हा शब्द तीन ठिकाणी होता. दोन ठिकाणचा मी खोडला. तिसरा ठेवला, कारण तिथे पुराव्याचा कागद होता.