माळ्यावरच्या वेताळाचे किती येतील?

मध्यंतरी एका मुंजीत हातात ताट घेऊन उभा होतो. यजमानांनी शेजारच्या गृहस्थांना माझी ओळख करून दिली, "हे जुनी कॉमिक्स जमवतात." गृहस्थांनी जिलबी मोडता मोडता सरळ विचारलं, "आमच्याकडे माळ्यावर वेताळ आहे. वडिलांनी जपलेला. त्याचे किती येतील हो?"

वीस-बावीस वर्षं झाली, हा प्रश्न मला लग्नात, मुंजीत, एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असताना विचारला गेलाय. मी दरवेळी "बघावं लागेल" म्हणतो. हे उत्तर सरकारी खिडकीवरचं वाटतं, कबूल. पण आता एकदा सविस्तर सांगतो.

ज्यांना वेताळ ठाऊक नाही (अशी पिढी आता चाळिशीला आली आहे) त्यांच्यासाठी थोडक्यात. ली फॉक या अमेरिकन लेखकाचा 'फँटम', म्हणजेच आपला वेताळ, फेब्रुवारी १९३६ मध्ये तिकडच्या वर्तमानपत्रांत सुरू झाला. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, कवटीच्या आकाराची गुहा, आणि ठोसा बसला की जबड्यावर कायमची खूण उमटवणारी अंगठी. सुपरमॅन आला त्यानंतर दोन वर्षांनी. वेताळाला उडता येत नाही, त्याला गोळी लागते, तेव्हा तो सुपरहिरो म्हणायचा की नाही यावर आमच्यातले काहीजण रात्री दोनपर्यंत भांडतात. मी त्या वादात पडत नाही. पोशाख आधी कुणी शिवला ते तारखेनं ठरतं, एवढं मला पुरे.

आपल्याकडे त्याला आणलं टाइम्स ऑफ इंडिया समूहानं, मार्च १९६४ मध्ये. मालिकेचं नाव इंद्रजाल कॉमिक्स. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली अशा अनेक भाषांत. सुरुवातीच्या अंकांत वेताळ आणि वेताळच. मग जादूगार मँड्रेक आला, अंतराळात फिरणारा फ्लॅश गॉर्डन आला, १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, भगवा कुर्ता आणि जीन्स घालून. आधी महिन्याला एक अंक, मग पंधरवड्याला, पुढे दर आठवड्याला. १९९० मध्ये सगळा कारभार बंद. इथल्या वाचकाला खटकू नये म्हणून संपादकांनी मूळ गोष्टींत बारीक बदल केले होते. वेताळाच्या 'बंगाला' देशाचं 'डेंकाली' झालं, 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले. लहानपणी मी नकाशाच्या पुस्तकात डेंकाली शोधत असे. बंगाला शोधला असता तर निदान बंगालपाशी तरी बोट थांबलं असतं.

आता किमतीकडे येतो. मला हा प्रश्न विचारणाऱ्या दर तिसऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये एक बातमी असते. १९३८ सालचा, सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात आला तो अंक, मूळ किंमत दहा सेंट, एप्रिल २०२४ मध्ये साठ लाख डॉलरला गेला. आपले साधारण पन्नास कोटी. बातमी खरी आहे. पण तिकडे युद्धाच्या काळात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यात असे अंक पोत्यांनी गेले. जे उरले त्यांच्यामागे तीन पिढ्यांचे पैसेवाले हौशी लोक आहेत. शिवाय २००० सालापासून तिकडे अंक तपासून, दहापैकी गुण देऊन, प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून देणारी कंपनी आहे. डबीतला अंक वाचता येत नाही, फक्त विकता येतो. आपला अख्खा धंदा अजून नजरेवर, शब्दावर आणि पोस्टावर चालतो. तेव्हा पन्नास कोटींवरची सहा शून्यं पुसा. पाचशे रुपये राहतात. बऱ्या अवस्थेतल्या साध्या अंकाचं बोलणं मी तरी बहुतेक वेळा त्याच्या खालूनच सुरू झालेलं पाहिलंय.

मग काही अंक हजारांत कसे जातात? खाड्यामुळे.

प्रत्येक जमवणाऱ्याच्या खिशात एक यादी असते. जे आहेत त्यांवर बरोबरची खूण, जे नाहीत ते कोरे. कोऱ्या जागेला आम्ही खाडा म्हणतो, दूधवाल्याच्या कॅलेंडरवरचा असतो तसा. अंकाची किंमत कुणाच्या तरी खाड्यात असते. तुमच्याकडचा अंक कितीही जुना असो, तो सगळ्यांकडे असेल तर त्याला कुणी हात लावणार नाही. आणि १९८० नंतरचा एखादा फुटकळ अंक, ज्याची गोष्टसुद्धा धड नाही, त्यासाठी नागपूरचा एक डॉक्टर रात्रीच्या गाडीनं ठाण्याला आला होता. त्याचे तीनच खाडे उरले होते, त्यातला तो एक. मी आकडा सांगितला, त्यानं घासाघीस केली नाही. दुसऱ्याला तोच अंक मी चहाच्या बदल्यात दिला असता.

खाड्यांचीही गंमत आहे. इंग्रजी मालिकेतले १२३ आणि १२४ हे दोन अंक निघालेच नाहीत. त्या वेळी छपाईच्या ठिकाणी संप होता. त्यामुळे आकडे ८०५ पर्यंत जातात आणि अंक भरतात ८०३. नवखा माणूस या दोन अंकांसाठी वर्षभर वणवण करतो. एकानं मला शपथेवर सांगितलं होतं, "१२३ आहे माझ्याकडे, पण बाहेर काढत नाही." मीही म्हटलं, नका काढू, ऊन लागेल.

अंक हातात आला की मी आधी मुखपृष्ठ बघत नाही, पाठ बघतो. म्हणजे घडीची बाजू, जिथे दोन पिना असतात. साठ वर्षांत पिनेला गंज धरतो, गंज कागद खातो, आणि सगळ्यात आधी सुटतं ते मधलं पान, कारण पिनेचे पाय त्याच्यावर वळलेले असतात. ते चार पृष्ठांचं एक पान रस्त्यात कुठे पडतं ते कुणाला कळत नाही. म्हणून पानं मोजायची. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारच्या उन्हात उकिडवं बसून पानं मोजणारा माणूस दिसला की तो आमच्यातला समजावा. मग कसर बघायची. कसरीनं पाडलेली भोकं एका पानातून दुसऱ्या पानात सरळ रेषेत जातात, वेताळाच्या कपाळातून थेट त्याच्या प्रेयसीच्या, डायनाच्या, खांद्यापर्यंत. मग वास. डांबराच्या गोळ्यांचा वास असेल तर अंक पेटीत होता, म्हणजे बरं. ओलीचा वास असेल तर घरी नेऊन दुसऱ्या अंकांजवळ ठेवायचा नाही.

आणि चिकटपट्टी. हा माझा स्वतःचा गुन्हा आहे. सहावीत असताना माझे जवळजवळ चाळीस अंक मी पाठीवर पारदर्शक चिकटपट्टी लावून 'पक्के' केले होते. तेव्हा अभिमान वाटला होता. आज पट्टी केव्हाच गळून पडली आहे आणि तिचा गोंद कागदात मुरून मधासारखा तपकिरी पट्टा राहिला आहे. तो निघत नाही. काही वर्षांपूर्वी एकानं त्यातला एक अंक परत करताना लिहिलं, "कुणा गाढवानं पट्टी लावली आहे." मी उत्तर दिलं, "हो ना."

फसवणूकही होते. एका शहरातल्या एका विक्रेत्याकडून, नाव-गाव सांगत नाही, मी एक सुरुवातीचा मराठी अंक पोस्टानं मागवला. फोटोत सुंदर दिसत होता. हातात आला तेव्हा आतली पानं खरी, वास खरा, पिवळेपणा खरा. मुखपृष्ठाच्या घडीवर गंजाचे दोन डाग होते. पण पिना मात्र त्या डागांपासून अर्धा सेंटीमीटर खाली. दोन मिनिटं मला काही सुधरेना. मग भिंग आणलं. जुन्या छपाईत भिंगाखाली रंगाचे ठिपके सुटे-सुटे दिसतात. इथे सगळं धुरकट, एकजीव. बोटाला थुंकी लावून डागावर फिरवलं, काही आलं नाही. पिनेपाशी कागद ठिसूळ व्हायला हवा, तो करकरीत. गंज छापलेला होता! कुणीतरी खऱ्या मुखपृष्ठाची रंगीत प्रत काढून ती मुखपृष्ठ गेलेल्या अंकाला जोडली होती, आणि प्रतीत डागही उमटले होते. पैसे परत मिळाले नाहीत. तो अंक मी ठेवलाय. नवीन मुलगा जमवायला लागला की आधी तोच त्याच्या हातात देतो आणि गप्प बसतो.

मराठी अंकांचं गणित वेगळंच. इंग्रजी अंक शोधणारे देशभर आहेत, परदेशातही आहेत. मराठी अंक मला त्या मानानं फारच कमी दिसतात. माझा तर्क असा की ते वाचून संपले. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचनालयातून रोज एक आणायचा, आपण वाचायचा, मग शेजारच्या दोघांनी, मग धाकट्यानं चित्रं रंगवायची. असा अंक टिकायचा किती? पण दुर्मीळ म्हणजे महाग, असं होत नाही. मागणारेच मोजके. म्हणून मराठी अंकांत पैसा फारसा फिरत नाही, अदलाबदल चालते. मिरजेच्या एका काकांशी माझा हिशेब सात वर्षं चालू आहे: एका मराठीला तीन इंग्रजी, मुखपृष्ठ नसेल तर दोन, वाचनालयाचा शिक्का असेल तर काही कमी करायचं नाही कारण काकांना शिक्के आवडतात. ते वही ठेवतात. सध्या मी त्यांचं पाच अंकांचं देणं लागतो.

तर, मुंजीतले गृहस्थ. मी त्यांना म्हटलं, पिना काढू नका, पुसू नका, उन्हात घालू नका, फोटो पाठवा. दुसऱ्या दिवशी फोटो आला आणि माझा चहा निवला. सुटे अंक नव्हतेच. त्यांच्या वडिलांनी बारा मराठी अंक एकत्र शिवून, कापडी पाठीचा पुठ्ठा घालून बांधून घेतले होते. पाठीवर शाईनं 'वेताळ' आणि खाली वडिलांची आद्याक्षरं. बांधणाऱ्यानं कडा सारख्या करायला तीन बाजूंनी कात्री चालवली होती, वरचे संवादांचे फुगे अर्धे कापले गेलेत, पिना काढून टाकल्यात. बाजाराच्या भाषेत बाराच्या बारा बाद. पण उजेड न लागल्यामुळे आतला रंग असा काही राहिलाय, की तसा जांभळा मी फक्त लहानपणी पाहिला होता. आणि बारातला सातवा अंक हा माझा खाडा आहे. अकरा वर्षांपासूनचा.

आता सांगा, किती येतील? सातवा एकटा हवा तर शिवण उसवावी लागेल, आणि मग उरलेले अकरा सुटून येतील, कापलेले, बिनपिनेचे, कुणाच्याच कामाचे नाहीत. अख्खा खंड घ्यायचा तर त्यातले अकरा माझ्याकडे याहून चांगले आहेत, चिकटपट्टीसह. मिरजेच्या काकांना फोन करून विचारलं. ते आधी बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "उसवू नका. पण उसवलात तर आठवा मला द्या."

खंड गेले तीन आठवडे 'बघायला' म्हणून माझ्याकडे आहे. रोज रात्री एक गोष्ट वाचतो. सातवी दोनदा वाचून झाली. गोष्ट सुमार आहे. गृहस्थ रविवारी येणार आहेत. काल त्यांचा निरोप आला: आकडा काढून ठेवा, आणि आईनं विचारलंय की तिसऱ्या गोष्टीच्या शेवटच्या पानावर बाबांनी पेन्सिलनं काही लिहिलेलं अजून दिसतंय का. बघितलं. दिसतंय. किराण्याची यादी आहे. तूरडाळ, गूळ, साबण दोन.