बोगोटातली राईस प्लेट

पुण्यात कॉलेजची चार वर्षं सदाशिव पेठेतल्या मेसमध्ये जेवलोय, त्यामुळे कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात, पहिल्या दुपारी ‘कोरिएन्तासो’वाल्या छोट्या हॉटेलात शिरलो तेव्हा एकदम ओळखीचं वाटलं. कोरिएन्तासो म्हणजे तिथली राईस प्लेट. बाहेर फळ्यावर आजचा मेनू, आत ऑफिसवाले, गवंडी, स्टुडंट सगळे एकाच टेबलावर.

आधी सूप येतं आणि ते नुसतं पाणी नसतं हां, बटाटा, मक्याच्या कणसाचा तुकडा आणि वर चक्क कोथिंबीर! मग भात, राजम्यासारख्या घट्ट बिया किंवा मसूर, तळलेलं पिकलं केळं, बीफ, पोर्क किंवा चिकन काहीतरी, थोडी कोशिंबीर, आणि ज्यूस त्याच पैशात. लुलो नावाच्या फळाचा मिळाला तर सोडू नका, मस्त आंबटगोड असतो.

जेवण तिखट नसतं, पण ‘आही’ नावाची चटणी मागा. मिरची, कांद्याची पात, कोथिंबीर, आंबट पाणी, मी भातावर चमचा चमचा घालून खाल्लं.

बायको व्हेज, तिच्यासाठी ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हटलं तर काउंटरवरच्या मावशींनी मांस काढून अंडं टाकलं, तेही नको म्हटल्यावर न चिडता बिया आणि केळं डबल वाढलं. फक्त सूप हाडांच्या रश्शाचं असू शकतं, आधी विचारा.

शहर 2600 मीटरवर, थंडी असतेच, त्यात आहिआको नावाचं सूप म्हणजे सुख. चिकन आणि तीन जातींचे बटाटे, त्यातला छोटा पिवळा पूर्ण विरघळतो आणि सूप दाट होतं, शिवाय त्यात शिजवलेला ग्वास्कास नावाचा पाला. शेवटच्या दिवशी मी दोन वाट्या खाल्ल्या.